पाच बाय सातचं बाथरूम स्वतः नव्यानं करताना: फोडण्यापासून जाळी बसवेपर्यंतचा क्रम

बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की घरातली मंडळी आधी टाइलचं दुकान गाठतात. रंग पसंत होतो, डिझाइनच्या पट्टीवरून थोडी वादावादी होते, बयाणा दिला जातो. पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार याचा विचार मात्र गवंडी दारात उभा राहिल्यावर सुरू होतो. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी पहिल्या खेपेला हेच झालं. टाइल झकास बसल्या. चार महिन्यांनी खालच्या स्वयंपाकघराच्या छताला ताटलीएवढा ओला डाग आला आणि आई म्हणाली, "वर कोण आंघोळ करतंय ते आता खाली कळायला लागलंय." दुसऱ्या खेपेला सगळं उखडून मी स्वतः केलं. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार घरांत हाताखाली राबलो. सगळीकडे चुका त्याच, कारण क्रम तिथंच चुकलेला.

हे सगळं पाच फूट रुंद, सात फूट लांब, संडास आणि आंघोळ एकत्र असलेल्या खोलीसाठी लिहिलं आहे. सुट्टीचे दिवस आणि रोजची संध्याकाळ धरून काम करणाऱ्याला महिना लागतो. "आठ दिवसांत उरकू" म्हणणारा माणूस सिमेंट वाळायचे दिवस मोजायला विसरलेला असतो.

तीन कामं स्वतः करू नका. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. स्लॅब, बीम, कॉलम यांना छिन्नी लावू नका. संडासाचा ११० मिलिमीटरचा मुख्य पाइप जिथं आहे तिथंच राहू द्या. कमोड दुसऱ्या भिंतीला न्यायचा हट्ट असेल तर जाणत्या प्लंबरशिवाय पुढं जाऊ नका. बाकी सगळं धीर असलेल्या माणसाला जमतं.

पायरी १: फोडण्याआधी कागदावर

वहीच्या चौकटीच्या कागदावर खोली काढा. दार कुठं उघडतं, खिडकी कुठं, कमोडच्या पाइपचा मध्य मागच्या भिंतीपासून किती, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी बाहेर नेणारं, जाळीखालचं भांडं) कुठल्या कोपऱ्यात, वरच्या टाकीतून येणारा पाइप कुठून शिरतो, हे सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. फुटांत विचार करायला हरकत नाही, पण मापं मिलिमीटरमध्येच घ्या. अर्धा इंच आणि पाऊण इंच यांतली गफलत इथं महागात पडते.

कमोड विकत घेण्याआधी भिंतीपासूनचं अंतर मोजलंच पाहिजे. एस-ट्रॅपचा, म्हणजे ज्याचा पाइप खाली जमिनीत जातो तो कमोड साधारण २२५ किंवा ३०० मिलिमीटरच्या अंतराचा मिळतो. हे अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून धरतात. आता उघड्या विटांपासून माप घेतलंत तर प्लास्टर आणि टाइलचे तीसेक मिलिमीटर वजा करा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान ३८० मिलिमीटर सोडा, नाहीतर आयुष्यभर कोपर घासत बसावं लागेल.

मग उंच्या ठरवा. तयार फरशीपासून बादलीच्या नळाचं तोंड ६०० मिलिमीटरवर, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारी कळ) १०५० ते ११०० वर, शॉवर सुमारे २१०० वर, बेसिनचा काठ ८०० ते ८५० वर. आपल्याकडे शॉवर कितीही लावला तरी बादली-तांब्या सुटत नाही. म्हणून बादलीच्या नळाखाली वीस लिटरची बादली प्रत्यक्ष ठेवून बघा आणि मगच आकडा पक्का करा. गरम पाणी डावीकडे, गार उजवीकडे.

काम कधी काढायचं? दिवाळी ते होळी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. एप्रिल-मेच्या उन्हात इथं सिमेंट हाताखालीच वाळतं. पावसाळ्यात दमटपणामुळे कोटिंग वाळता वाळत नाही आणि कृष्णेचं पाणी चढू लागलं की सखल भागातली ड्रेनेजही तुंबते. तुमचं घर पुराचं पाणी येणाऱ्या भागात असेल तर तळमजल्याच्या बाथरूमच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (पाणी उलटं आत येऊ न देणाऱ्या झडपेची) जागा याच कागदावर ठरवा. फरशी झाल्यावर ते आठवून उपयोग नाही.

पायरी २: सामान आधी घरात, मग हातोडा

कमोड, डायव्हर्टर, नळ, ट्रॅप, जाळी, टाइल हे सगळं फोडण्याआधी घरात आलेलं असावं. पाइपची तोंडं किती बाहेर ठेवायची ते हातातल्या नळावरून आणि टाइलच्या जाडीवरून ठरतं, कॅटलॉगमधल्या चित्रावरून नाही.

टाइलचा हिशेब असा. चार भिंतींचा घेर २४ फूट, सात फूट उंचीपर्यंत टाइल म्हणजे १६८ चौरस फूट. दार आणि खिडकीचे मिळून वीसेक वजा करा, राहिले सुमारे १४७. तुटफूट आणि कापाकापीचे दहा टक्के वाढवा, झाले १६२. तीनशे बाय साडेचारशेची एक टाइल साधारण १.४५ चौरस फूट भरते, म्हणजे ११२ नग. जमिनीचे ३५ चौरस फूट, वाढावा धरून तीनशे बाय तीनशेचे ४० नग. जमिनीला मॅट, न घसरणारी टाइलच घ्या. दुकानातल्या दिव्याखाली चकचकीत टाइल फार देखणी दिसते, पण साबणाच्या पाण्यात तिच्यावरून घसरणारी पहिली व्यक्ती घरातली सर्वांत वयस्कर असते.

सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे टेम्पोत चढवण्याआधी बघा. आपल्याकडची बहुतेक टाइल गुजरातेतल्या मोरबीहून येते आणि महिन्याभरानं तीच शेड मिळेलच असं नाही. उरलेल्या सात-आठ टाइल टाकून देऊ नका, गच्चीवर ठेवा.

बाकी सामान: सीपीव्हीसी पाइप (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा), फिटिंग आणि त्याचाच सॉल्व्हंट, पितळी आटे असलेले एल्बो, दोन घटकांचं ॲक्रिलिक-सिमेंट वॉटरप्रूफिंग आणि कोपऱ्यांसाठी जाळीची पट्टी, टाइल ॲडेसिव्ह, दातेरी थापी, २ मिलिमीटरचे स्पेसर, सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट. हत्यारांत ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या, सहा फुटी पाटा, रबरी हातोडा आणि लेव्हल ट्यूब. लेव्हल ट्यूब म्हणजे पंधरा फूट पारदर्शक नळी, पाणी भरलेली. लेसरवाल्यांनी नाकं मुरडू नयेत, नळीतलं पाणी कधी खोटं बोलत नाही. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका.

*तपासा:* महिनाभर आंघोळ-संडास कुठं करणार, हे ठरलं का? घरात दुसरी सोय नसेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. ही चूक हास्यास्पद वाटते, पण मी ती घडलेली पाहिली आहे.

पायरी ३: फोडणं, वरून खाली

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ सोडून लाइन रिकामी करा, बाथरूमच्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि टेस्टरनं खात्री करा. मग आधी बेसिन, आरसा, नळ काढा, नंतर कमोड. कमोड काढल्या काढल्या पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवा आणि वर टेप मारा. नहाणी ट्रॅपलाही तेच. वास थांबतो हा किरकोळ फायदा. खरी भीती टाइलचे तुकडे आणि सिमेंट आत जाण्याची आहे. पाइपात एकदा घट्ट झालेलं सिमेंट सहजासहजी निघत नाही.

भिंतीच्या टाइल वरच्या रांगेपासून काढा, जमीन शेवटी. गॉगल, मास्क, हातमोजे हवेतच. टाइलचा कपचा वस्तऱ्यासारखा कापतो. टाइलमागचं प्लास्टर छिन्नीच्या मुठीनं ठोकून बघा. पोकळ वाजलं तर तेही काढा. जुन्या टाइलवर नवीन टाइल चिकटवण्याचा मोह या आकाराच्या बाथरूममध्ये टाळा. खोली लहान होते, जमिनीची पातळी चढते, आणि जुनी गळती होती तिथंच राहते.

राडारोडा किती निघतो याचा लोकांना अंदाज नसतो. भिंतीचा दीड इंच थर आणि जमिनीचा तीन इंच थर धरला तर घन माल सुमारे २७ घनफूट, वजनाला दीड टनाच्या आसपास. फोडल्यावर तो फुगतो आणि सिमेंटची तीसेक रिकामी पोती भरतात. वरच्या मजल्यावर काम असेल तर ही पोती एकाच जागी रचू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. नदीकाठ, ओढा किंवा रिकाम्या प्लॉटवर ओतू नका. महापालिकेकडे चौकशी करून ट्रॅक्टर ठरवा.

*सावधान:* सन्क स्लॅब (बाथरूमखाली मुद्दाम खोलगट ठेवलेला स्लॅब) असेल आणि आतली वीटतुकड्यांची भर ओली लागली, तर वरवर सुकवून पुढं जाऊ नका. भर पूर्ण काढा. स्लॅब दिसू लागला की मोठा हातोडा बाजूला ठेवा आणि छोट्या छिन्नीनं काम करा.

पायरी ४: एकच रेघ, सगळ्या भिंतींवर

सगळ्यांत जास्त वगळली जाणारी पायरी ही. लेव्हल ट्यूब घेऊन चारही भिंतींवर आणि दाराच्या चौकटीवर एकाच पातळीची खूण करा, बाहेरच्या तयार फरशीपासून बरोबर १००० मिलिमीटर वर. खुणा सुतळीला रंग लावून जोडा. इथून पुढं नळाची उंची असो, ढाळ असो की टाइलची रांग, प्रत्येक माप या रेघेपासून वर किंवा खाली घ्यायचं. जमिनीपासून घ्यायचं नाही, कारण जमीन आत्ता अस्तित्वातच नाही.

ढाळाचा हिशेब याच रेघेवर मांडा. एका फुटाला ५ मिलिमीटर ढाळ धरा. दारापासून ट्रॅपपर्यंत सहा फूट म्हणजे ३० मिलिमीटर. दाराशी बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा २० मिलिमीटर खाली हवी. म्हणजे तयार फरशी दाराशी रेघेपासून १०२० मिलिमीटर खाली आणि जाळीशी १०५० मिलिमीटर खाली. हे दोन आकडे भिंतीवरच मोठ्या अक्षरात लिहा.

आमच्या पहिल्या कामात मी विचारलं होतं, "मिस्त्री, ढाळ बरोबर हाय न्हवं?" उत्तर आलं, "पंचवीस वर्सं हेच करतोय, काळजी करू नका." पंचवीस वर्षांच्या अनुभवाला मान होताच, पण भिंतीवर आकडा नव्हता. पाणी दारामागच्या कोपऱ्यात साचत राहिलं.

पायरी ५: पाइप आणि त्यांची परीक्षा

भिंतीत झिरी, म्हणजे पाइपसाठीची खाच, मारताना उभी मारा. साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू नका, आणि एकाच जागी दोन्ही बाजूंनी तर अजिबात नको. कटरनं दोन समांतर रेघा कापून मधला भाग छिन्नीनं काढला की झिरी नेटकी होते.

सीपीव्हीसी जोडण्याची पद्धत साधी आहे, पण घाईत बिघडते. पाइप काटकोनात कापा, आतबाहेरची कुसळं काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, पाइपच्या बाहेरून आणि फिटिंगच्या आतून सॉल्व्हंटचा पातळ हात द्या, पाइप आत ढकलत पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडलंत तर पाइप हळूच मागं सरकतो आणि तिथंच पुढं गळतं.

आता खरी नजर इथं लागते. नळ बसणाऱ्या पितळी आट्याचं तोंड तयार टाइलच्या बरोबरीनं यायला हवं. प्लास्टर १२ ते १५, ॲडेसिव्ह ४ ते ५, टाइल ८ ते ९ मिलिमीटर, म्हणजे विटेपासून पंचवीस ते तीस मिलिमीटर. घरात आलेली टाइल हातात धरूनच हे ठरवा. तोंड आत राहिलं तर पुढं एक्स्टेन्शन निपल जोडत बसावं लागतं आणि दोन जोडांची गळती नशिबी येते. बाहेर राहिलं तर नळाचा फ्लँज भिंतीला टेकत नाही. वॉल मिक्सर घेतला असेल तर दोन तोंडांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर आणि दोन्ही एका पातळीत. मी तर मिक्सर प्रत्यक्ष आटवून, झिरीत सिमेंट भरून, ते घट्ट झाल्यावर काढला.

नहाणी ट्रॅप आंघोळीच्या बाजूच्या, दारापासून लांबच्या कोपऱ्यात. त्यात पाण्याचा ५० मिलिमीटरचा सील राहील असाच ट्रॅप घ्या, उथळ ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात चार दिवस गावाला गेलात तरी आटतं आणि परत आल्यावर घरभर गटाराचा वास. ट्रॅपचा माथा भिंतीवर लिहिलेल्या १०५० वरून मोजून, टाइल आणि ॲडेसिव्हची जाडी आणखी खाली धरून पक्का करा. जाळी टाइलच्या वर राहिलेलं बाथरूम तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. ते इथं बिघडलेलं असतं.

सगळ्या तोंडांना डमी (तात्पुरती बुचं) लावा, चोवीस तास थांबा, मग प्लंबरकडून हातपंप आणून लाइनमध्ये हवा न ठेवता पाणी भरा आणि ६ ते १० किलोचा दाब द्या. तासभर काटा हलता कामा नये. टाकीच्या पाण्यानं "ठिबकत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका, घरातल्या टाकीचा दाब जेमतेम एक किलोच्या आत असतो.

*तपासा:* झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, पाइपशेजारी मापाची टेप उघडून धरलेली. हे फोटो शेवटच्या पायरीत लागतील.

वायरमनला याच टप्प्यावर बोलवा. गीझरसाठी स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच). एक्झॉस्ट फॅनची वायरही आत्ताच. गीझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर.

पायरी ६: प्लास्टर, ढाळाचा कोबा

प्लास्टर ओळंब्यात आणि कोपरे गुण्यात. कोपरा गुण्यात नसेल तर टाइलची कड वरून खाली तिरकी कापावी लागते आणि ते दार उघडताच दिसतं. प्लास्टर घोटून गुळगुळीत करू नका, टाइलला धरायला खरबरीत हवं. सात दिवस पाणी मारा. सिमेंट कालवायला बोअरचं खारट पाणी वापरू नका, नळाचं वापरा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात राहणाऱ्यांना मी हे का सांगतोय ते कळेल. तेच पाणी पुढं प्लास्टरमधून पांढरी पावडर होऊन बाहेर येतं.

जमिनीला सिमेंट आणि वाळू एकास चार, कमीत कमी २५ मिलिमीटर जाडीचा कोबा. नदीची वाळू मिळण्याची वाट बघू नका, चांगली क्रश सँड चालते, फक्त भुकटी जास्त असेल तर चाळा. ढाळ टाइलखाली ॲडेसिव्हनं "ॲडजस्ट" करायचा विषय नाही, तो कोब्यातच पूर्ण उतरला पाहिजे. भिंतीवरचे आकडे वापरून दाराशी आणि ट्रॅपशी माल ठेवून ठिय्ये करा, त्यांच्यावर पाटा ओढा. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत चहुबाजूंनी गोलाईचा वाटा मारा.

*तपासा:* कोबा घट्ट झाल्यावर चारही कोपऱ्यांत एकेक तांब्या पाणी ओता. पाच मिनिटांनी कुठंही डबकं दिसता कामा नये. दिसलं तर आत्ता घासा किंवा भरा.

पायरी ७: वॉटरप्रूफिंग आणि दोन दिवसांचं तळं

टाइल पाणी अडवते हा समज डोक्यातून काढा. सांध्यांमधून पाणी झिरपतंच. त्याला अडवतो तो टाइलखालचा हा करडा थर, आणि आमच्या पहिल्या बाथरूममध्ये तो एकच हात, दुपारच्या जेवणाआधी मारलेला होता.

जमीन झाडून, धुऊन, ओलसर ठेवा, वर पाणी उभं नको. दोन घटक पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा. आपल्या मनानं पाणी घालून पातळ केलंत तर ब्रश छान फिरतो आणि थर कामातून जातो. आधी कोपरे, वाटा, ट्रॅपची कड आणि पाइपांची तोंडं यांना एक हात देऊन ओल्यातच जाळीची पट्टी दाबा. मग सगळीकडे पहिला हात एका दिशेनं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर दुसरा हात आडव्या दिशेनं. भिंतीवर सगळीकडे किमान ३०० मिलिमीटर आणि शॉवरच्या भिंतींवर १८०० पर्यंत. ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत ब्रश घाला. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी चाळलेली वाळू भुरभुरा, ॲडेसिव्हला पकड मिळते. सन्क स्लॅब रिकामा केला असेल तर भर टाकण्याआधी खाली स्लॅबवरही हेच सगळं करायचं, म्हणजे दोन पातळ्यांवर.

तीन-चार दिवस वाळू द्या. पायताण घालून आत फिरू नका. एक खडा टाचेखाली आला तरी थर फाटतो.

मग ट्रॅप बोळ्यानं बंद करा, दारात सिमेंटचा चार इंची बांध घाला आणि दाराच्या बाजूलाही दीड-दोन इंच पाणी उभं राहील इतकं भरा. भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण करा. अट्ठेचाळीस तास. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी आपोआपही उडतं, म्हणून त्याच खोलीत एक पसरट घमेलं पाण्यानं भरून त्यावरही खूण करा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते हवेनं नेलं. जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती आहे. खालच्या मजल्यावर स्टूल घेऊन छताला हात लावून बघा, दिवसातून दोनदा. फ्लॅटमध्ये असाल तर खालच्या काकूंना आधी सांगून ठेवा आणि तपासणीच्या वेळी त्यांनाच बरोबर घ्या.

गळालं तर? पाणी काढा, सुकवा, ट्रॅपची कड आणि पाइपांची तोंडं आधी बघा. बहुतेकदा दोष तिथंच असतो. दुरुस्त करून पुन्हा अट्ठेचाळीस तास. ही परीक्षा पास झाल्याशिवाय टाइलचं खोकं उघडू नका.

पायरी ८: टाइल

आधी कोरडी मांडणी. समजा भिंतीपासून भिंतीपर्यंत १५३० मिलिमीटर आहे. तीनशेची टाइल आणि दोनचा सांधा धरून एका कडेपासून पाच टाइल लावल्या तर १५१० झाले आणि उरली वीस मिलिमीटरची चिंधी. ती कापता येत नाही, कापली तर तुटते, बसली तर वाईट दिसते. त्याऐवजी मधे चार पूर्ण आणि दोन्ही कडांना १६० च्या आसपासचे दोन तुकडे ठेवा. एका तृतीयांशापेक्षा लहान तुकडा येत असेल तर मांडणी सरकवा.

भिंत आधी, पण खालून दुसऱ्या रांगेपासून. पहिल्या रांगेच्या उंचीवर लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोका आणि तिच्यावर दुसरी रांग उभी करा. शॉवरच्या भिंतींवर खिळ्यांऐवजी पट्टीला खालून टेकू द्या, नव्या थराला भोक नको. जमिनीची फरशी झाल्यावर पहिली रांग बसवायची. म्हणजे भिंतीवरून उतरणारं पाणी थेट फरशीवर पडतं, सांध्यात शिरत नाही. आणि ढाळामुळे वेगवेगळा येणारा खालचा तुकडा मापानं कापता येतो. आडव्या लावलेल्या तीनशेच्या सात रांगांत सात फूट उंची जवळपास बरोबर बसते.

ॲडेसिव्हवर लावायची टाइल पाण्यात भिजवू नका. ती सवय सिमेंटच्या मालाची आहे. एका वेळी वीस मिनिटांत संपेल एवढाच ॲडेसिव्ह भिंतीवर पसरा. दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेनं. टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर असे पाच ठिपके ठेवून दाबण्याची पद्धत गवंड्यांत फार लोकप्रिय आहे. त्यात टाइल पोकळ राहते, मागं पाणी साठतं आणि टॉवेल रॉडसाठी ड्रिल लावताच तडकते. पहिल्या चार-पाच टाइल लावल्यावर एक उचकटून मागं बघा. पूर्ण मागची बाजू माखलेली हवी.

जमिनीच्या टाइल ट्रॅपपासून दाराकडे लावत या, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. जाळीभोवतीचे तुकडे चारी बाजूंनी जाळीकडे उतरते ठेवा. जाळी टाइलपेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली. दारात ग्रॅनाइटची पट्टी, लाकडी चौकट तिच्यावर उभी. जमिनीत गाडलेली लाकडी चौकट दोन पावसाळ्यांत कुजते.

*तपासा:* चोवीस तासांनी प्रत्येक टाइल नाण्यानं वाजवा. पोकळ आवाज आला तर आत्ता काढणं सोपं आहे.

पायरी ९: ग्राउट

सांधे कोरून स्वच्छ करा, भरा, पुसा. एवढंच. फक्त इपॉक्सी ग्राउट थोडा थोडा कालवा आणि लगेच पुसा. वाळलेला थर टाइलवरून निघता निघत नाही. सिमेंटचा पांढरा ग्राउट स्वस्त आहे, पण पहिल्या ॲसिडच्या बाटलीत विरघळतो. आणि सांगलीत राहून घरात हळदीचा कार्यक्रम होणारच. नवरीच्या आंघोळीनंतर आमच्या एका नातलगाच्या नव्या बाथरूमचे सांधे आजही पिवळे आहेत.

भिंत-जमीन मिळते तो सांधा ग्राउटनं न भरता सिलिकॉननं भरा. तिथं हालचाल असते, ग्राउट तडकतो.

पायरी १०: फिटिंग

नळ लावण्याआधी प्रत्येक तोंडाचा डमी काढून बादलीभर पाणी वाहू द्या. पाइपातली रेती आणि प्लॅस्टिकची कुसळं निघून जातात, नाहीतर नव्या डायव्हर्टरचं कार्ट्रिज पहिल्याच दिवशी बिघडतं. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं गुंडाळा. पितळी आटा पान्यानं पिळत बसू नका. जास्त कसला तर भिंतीतला एल्बो चिरतो आणि टाइल फोडावी लागते.

कमोड स्क्रूवर बसवा आणि तळाची कड सिलिकॉननं बंद करा. खाली सिमेंट भरून बसवलेला कमोड पुढं काढायची वेळ आली की फोडूनच काढावा लागतो. गीझर भरला आहे याची खात्री गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्यावरच होते. त्याआधी स्विच लावू नका.

टॉवेल रॉड, साबणदाणी, आरसा यांच्यासाठी भोक पाडण्याआधी पाचव्या पायरीतले फोटो उघडा. हजार मिलिमीटरच्या रेघेपासून मापं घेऊन पाइप कुठून गेलाय ते टाइलवर पेन्सिलीनं काढा आणि मगच ड्रिल लावा. शॉवरच्या भिंतीत ड्रिल करावंच लागलं तर भोकात सिलिकॉन भरून प्लग ठोका. टाइलचा थर ओलांडेपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा.

सिलिकॉन आणि ग्राउट पाण्याआधी चोवीस तास कोरडे ठेवा. पहिल्या आंघोळीनंतर दार उघडं ठेवून दहा मिनिटांनी जमीन बघा, आणि खालच्या छतावर जुन्या डागाची कड पेन्सिलीनं आखून तारीख लिहा. आमच्या स्वयंपाकघरातली ती रेघ अजून तशीच आहे, डाग तिच्या आत सुकत गेला. आई म्हणते आता तरी छताला रंग दे. मी म्हटलं, एक पावसाळा जाऊ दे.